अमावास्या एक, महिने दोन

"आश्विन अमावास्या, रविवार, दुपारी." १९६८ सालच्या एका हिशेबाच्या वहीत, बियाणे आणि बैलांच्या पेंडीच्या खर्चाखाली एवढीच ओळ लिहिलेली आहे. इंग्रजी तारीख नाही. ही नोंद माझ्या धाकट्या बहिणीच्या आजेसासऱ्यांच्या निधनाची. त्यांचे श्राद्ध कधी करायचे हे घरात या ओळीवरून ठरले, आणि म्हणून तिच्या सासरी वर्षानुवर्षे ते लक्ष्मीपूजनाच्या दिवशी होत आले. सकाळी श्राद्धाचा स्वयंपाक, संध्याकाळी घाईघाईत पूजा. मुलांच्या हाती फटाके नाहीत आणि दारात मोठी रांगोळीही नाही. "आमच्या घरी दिवाळी दबून येते," असे बहीण म्हणायची.

गेल्या उन्हाळी सुटीत या ओळीचा उलगडा झाला. तो झाला संगणकाच्या एका साध्या आज्ञेमुळे आणि त्याच वहीतल्या आणखी एका ओळीमुळे. आपल्याकडे घरोघरी अशा वह्या आहेत, दोन भाषा आहेत, निरनिराळी पंचांगे आहेत. तेव्हा तो उलगडा कसा झाला ते सविस्तर सांगतो.

दुसऱ्या सीमेवरचे बोरगाव

हे बोरगाव आपल्या निपाणीजवळचे नव्हे. हे मध्य प्रदेशातले, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे, सौसर तालुक्यातले. तिथे मोठी औद्योगिक वसाहत आहे आणि माझे मेहुणे तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला आहेत. सौसर आणि पांढुर्णा हे दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ मध्ये त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. तिथे घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी.

आपल्याला हे चित्र नवे नाही. १ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी राज्यांची फेररचना झाली. बेळगाव त्या दिवशी म्हैसूर राज्यात आले. त्याच दिवशी नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिले. वार होता गुरुवार. दोन सीमांवरच्या मराठी घरांची कहाणी अशी एकाच तारखेला सुरू होते. फरक इतकाच, की आपल्या शेजारी कन्नड आहे आणि त्यांच्या शेजारी हिंदी. पंचांगाच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरतो.

शुक्ल पक्षात एकमत, वद्य पक्षात फरक

मराठी आणि कन्नड पंचांगे दोन्ही शालिवाहन शकाची आणि दोन्ही अमान्त. म्हणजे महिना अमावास्येला संपतो. आपला पाडवा आणि कन्नड शेजाऱ्यांची युगादी एकाच दिवशी येते ती त्यामुळेच. आपण 'वद्य' म्हणतो, ते 'बहुळ' म्हणतात. आपण 'आश्विन' म्हणतो, ते 'आश्वयुज' म्हणतात. शब्द निराळे असले तरी महिना तोच. त्यामुळे बेळगावातल्या मराठी-कन्नड घरात सासर-माहेरच्या तिथ्यांचा कधी घोळ होत नाही.

हिंदी पट्ट्यातले पंचांग पूर्णिमान्त आहे. तिथे महिना पौर्णिमेला संपतो आणि वद्य पक्षापासून पुढचा महिना सुरू होतो. शुक्ल पक्षात दोघांचे महिने जुळतात, पण वद्य पक्षात त्यांचे नाव एक महिना पुढे असते. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला, त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमीला. आपली महाशिवरात्र माघात, त्यांची फाल्गुनात. दिवस एकच, नावे दोन.

पांढुर्ण्याची गोटमार जत्रा सर्वांना ऐकून ठाऊक असेल. जाम नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव ही दोन गावे एकमेकांवर दगड भिरकावतात. ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते. आपल्याकडच्या बेंदूर-कारहुणवीसारखा तिकडचा बैलांचा सण म्हणजे पोळा, आणि तो येतो अमावास्येला. मराठी घर म्हणेल श्रावण अमावास्या, हिंदी शेजारी म्हणेल भादो की अमावस. पोळ्याला बैल समोर उभे असतात, त्यामुळे तिथे कुणाची गल्लत होत नाही. वहीतल्या एका ओळीची मात्र होऊ शकते.

आता ती ओळ पुन्हा वाचू. आपल्या पंचांगाने आश्विन अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन. हिंदी पंचांगाने आश्विन अमावास्या म्हणजे आपली भाद्रपद अमावास्या, म्हणजे सर्वपित्री, कन्नड घरातली महालय अमावास्या. एकीकडे दिवाळीचा मुख्य दिवस आणि दुसरीकडे पितरांचा. मधे अंतर एका चांद्रमासाचे. वही लिहिणारे चुलत आजेसासरे पटवाऱ्याच्या हाताखाली हिंदीत कागद लिहीत. त्यांनी महिना कोणत्या रीतीने लिहिला असेल? घरातल्या माई, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, १९७१ साली लग्न होऊन आल्या. त्यांनी सासऱ्यांना पाहिलेच नाही. विचारायला घरात जुने माणूस उरले नव्हते.

काळ्या पडद्याला विचारलेला प्रश्न

मी भूगोल शिकवतो. पावसाच्या जुन्या नोंदी लावताना गेली काही वर्षे मी लिनक्स वापरतो आणि त्यातला तो काळा पडदा, जिथे उंदीर न फिरवता आज्ञा टंकून काम करतात, माझ्या सवयीचा झाला आहे. तिथे 'डेट' नावाची आज्ञा आहे. नुसती 'डेट' टंकली तर आजची तारीख आणि वेळ दिसते. पण तिचा खरा उपयोग दुसराच आहे. पुढे वजा चिन्ह आणि 'डी' अक्षर लिहून अवतरणात कोणतीही जुनी किंवा पुढची तारीख दिली, तर ती त्या दिवसाबद्दल सांगू लागते. शेवटी अधिक चिन्ह, टक्क्याचे चिन्ह आणि मोठा 'ए' जोडला की वार मिळतो. आज्ञेतली अक्षरे आणि अंक अर्थातच इंग्रजी टंकायचे.

तिथी मात्र या आज्ञेला कळत नाही. तिचे पंचांग फक्त इंग्रजी. त्यामुळे १९६८ च्या दोन्ही अमावास्यांच्या तारखा जुन्या पंचांगातून घेतल्या. सर्वपित्री २२ सप्टेंबर आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबर. मग दोन्ही तारखा एकामागून एक आज्ञेला दिल्या. पहिल्या तारखेपुढे उत्तर आले रविवार, दुसरीपुढे सोमवार.

वहीत रविवार आहे. म्हणजे ही अमावास्या सर्वपित्रीची.

"दुपारी" या शब्दाचाही इथे उपयोग झाला. संगणकाचा दिवस मध्यरात्री बदलतो, आपला वार सूर्योदयाला बदलतो. नोंदीत "रविवार रात्री दोन वाजता" असते, तर घरच्यांचा रविवार आणि संगणकाचा सोमवार एकच झाले असते आणि हा पुरावा लंगडा पडला असता. दुपारच्या वेळेला ती शंका नाही.

तरीही एका वारावर श्राद्धाचा दिवस बदलावा, हे माईंना पटेना. मलाही घाई नव्हती. लिहिणाऱ्याचा हात वारातही चुकू शकतो. म्हणून वहीची पुढची पाने पाहिली. दोन पानांनंतर खर्चाच्या ओळींमध्ये लिहिले होते, "सुतक. यंदा घट बसले नाहीत." घटस्थापना सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी येते. निधन लक्ष्मीपूजनाला झाले असते, तर त्याच्या कितीतरी आधी घट बसून दसराही झालेला असता. ही ओळ वाचून दाखवल्यावर माई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, घट त्या साली बसले नाही, हे माझ्या सासूनं मले सांगितलं होतं. मी कधी दोन्ही गोष्टी जोडून पाहिल्याच नाही."

त्यांनी गुरुजींना विचारले. शास्त्राचा निर्णय त्यांचा. यापुढे श्राद्ध पितृपक्षात सर्वपित्रीलाच करायचे आणि लक्ष्मीपूजन मोकळेपणी करायचे, असे ठरले.

संगणक दिवस कसे मोजतो

ज्यांना उत्सुकता असेल त्यांच्यासाठी यामागचे गणित सांगतो. ते आपल्या पंचांगकर्त्यांच्या अहर्गणासारखेच आहे. एक आरंभदिन धरायचा आणि तिथून दिवस मोजत जायचे. वार, महिना, साल हे सगळे त्या एका संख्येवरून काढायचे. युनिक्स आणि लिनक्स संगणकांचा आरंभ आहे १ जानेवारी १९७०, ग्रीनिचची मध्यरात्र. आपल्या घड्याळात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. तिथून ते दिवस नव्हे तर सेकंद मोजतात. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद.

१९७० च्या आधीचे दिवस उणे येतात. २२ सप्टेंबर १९६८ हा आरंभदिनाच्या ४६६ दिवस आधीचा. त्या दिवशीच्या आपल्या मध्यरात्रीचा आकडा आज्ञा देते उणे ४,०२,८२,२००. आकडा विचित्र दिसतो, पण त्याचा मोठा गुण असा, की त्याला भाषा नाही, महिन्याचे नाव नाही, अमान्त-पूर्णिमान्त नाही. दोन तारखांमधले अंतर हवे असेल तर दोन आकड्यांची वजाबाकी करायची आणि ८६,४०० ने भागायचे. आपल्या दोन अमावास्यांमध्ये उत्तर येते बरोबर २९ दिवस.

याच मोजणीची एक मर्यादाही प्रसिद्ध आहे. जुन्या ३२ बिटांच्या यंत्रणेत हा आकडा २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही. ती मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. ६४ बिटांच्या नव्या यंत्रणांना ही अडचण नाही.

सांगायचा मुद्दा हा, की साठवताना एकच निःसंदिग्ध दिवस साठवावा आणि दाखवताना हव्या त्या वेषात दाखवावा. याच आज्ञेच्या आधी भाषेची खूण दिली, म्हणजे मराठीची किंवा कन्नडची, आणि ती भाषा संगणकात बसवलेली असली, तर तोच वार मराठीत किंवा कन्नड लिपीत उमटतो. आजीसाठी कन्नड, नातवासाठी मराठी, पण दिवस तोच.

घड्याळाचीही भाषा बदलली आहे

तारखेसारखीच वेळही जपून वाचावी लागते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली. ती ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरवली आहे. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत, आणि मुंबई शहरात तर नंतरही कित्येक वर्षे 'बॉम्बे टाइम' चालू होता. रेखावृत्ताच्या एका अंशाला चार मिनिटे, हे आम्ही भूगोलात शिकवतो. बेळगाव सुमारे ७४.५ अंशांवर आहे, म्हणून तिथला सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे ३२ मिनिटे मागे असतो. सौसर सुमारे ७८.८ अंशांवर, तिथे हाच फरक १५ मिनिटांचा. म्हणजे दोन गावांत सतरा मिनिटांचे अंतर. सूर्योदयाच्या आसपास तिथी बदलत असेल तर इथली आणि तिथली उदयतिथी वेगळी पडू शकते. मुलीकडच्यांनी "आमच्याकडे आज आहे" आणि मुलाकडच्यांनी "आमच्याकडे उद्या आहे" म्हटले, तर दोघेही खरे असू शकतात.

याहून महत्त्वाची गोष्ट युद्धकाळाची. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाची घड्याळे एक तास पुढे होती, ग्रीनिचपेक्षा साडेसहा तास. माझ्या एका मावशीचा जन्म १९४४ चा, वहीत वेळ पहाटे ६ वाजून १० मिनिटे. आजच्या वेळेने ते ५ वाजून १० मिनिटे होतात. पत्रिका करणारे जाणते लोक हा तास वजा करतात. संगणकालाही तो ठाऊक आहे. आशिया-कोलकाता असे कालक्षेत्र देऊन १९४४ ची तारीख विचारली आणि टक्का व लहान 'झेड' जोडला, तर उत्तरात साडेपाच नव्हे, साडेसहा तासांचा फरक दिसतो. आजी-आजोबांच्या जन्मवेळा उतरवताना ही तीन वर्षे लक्षात ठेवावीत.

घरच्या यादीची छोटी आज्ञावली

बोरगावहून परत येण्याआधी बहिणीसाठी मी एक छोटी आज्ञावली लिहून दिली. तिला दोन साध्या फाइली लागतात. पहिलीत प्रत्येक ओळीत एक नोंद, मधे उभी रेघ: नाव, मूळ इंग्रजी तारीख, अमान्त महिना-पक्ष-तिथी, कोणाला कळवायचे. आजेसासऱ्यांची नोंद आता 'भाद्रपद-वद्य-३०' अशी आहे. पंचांगात अमावास्या ३० या अंकाने दाखवतात, तीच रीत ठेवली. दुसऱ्या फाइलीत त्या वर्षीच्या तिथ्यांसमोर इंग्रजी तारखा. पाडव्याला नवे पंचांग आले की ती एकदा भरायची. हे काम हातानेच केलेले बरे. गेल्या वर्षीच्या तारखेत ३५४ दिवस मिळवून भागत नाही, कारण मधेच अधिक महिना येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ.

आज्ञावली एकेक ओळ वाचते, तिची या वर्षीची तारीख दुसऱ्या फाइलीतून शोधते, त्या तारखेच्या सेकंदांतून आजचे सेकंद वजा करते, ८६,४०० ने भागते आणि उत्तर सातच्या आत असेल तर ती ओळ पडद्यावर दाखवते. 'क्रॉन' नावाची सोय तिला रोज सकाळी सहा वाजता आपोआप चालवते. एवढेच. सगळी मिळून पंधरा-वीस ओळी.

असे काही लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तीन सूचना.

पहिली, तारीख नेहमी साल, महिना, दिवस या क्रमाने लिहावी आणि मधे आडवी रेघ द्यावी. ०३/०४/२०२४ लिहिले तर आपण ३ एप्रिल समजतो, पण लिनक्सची आज्ञा अमेरिकी पद्धतीने ४ मार्च समजते, आणि तक्रारही करत नाही. १३/०४ लिहिले तर निदान चूक दाखवते, कारण तेरावा महिना नाही. सालापासून लिहिलेल्या तारखा यादीत आपोआप क्रमाने लागतात, हा वरचा फायदा.

दुसरी, "एक महिन्यानंतर" हे शब्द फसवे आहेत. ३१ जानेवारी २०२३ मध्ये एक महिना मिळवायला सांगितले तर उत्तर येते ३ मार्च, कारण ३१ फेब्रुवारी अस्तित्वात नाही. हप्ते किंवा औषधाच्या तारखा काढताना दिवसच मोजावेत.

तिसरी, परदेशातल्या नातेवाइकांच्या संगणकावर हिशेब करायचा असेल तर आज्ञेला 'वजा यू' जोडून ग्रीनिचच्या वेळेत करावा. अमेरिकेत घड्याळ मागेपुढे करण्याच्या दिवशी दिवस २३ किंवा २५ तासांचा होतो आणि ८६,४०० चा भागाकार चुकतो. अ‍ॅपलच्या संगणकावर हीच आज्ञा थोडी निराळी लिहावी लागते, तेही आधी पाहून घ्यावे.

आज वहीत काय लिहावे

संगणक नसला तरी बिघडत नाही. खरे काम वहीचे आहे. जन्म, निधन, लग्न, जमिनीचा कागद, जी नोंद असेल तिच्यात चार गोष्टी असाव्यात: इंग्रजी तारीख सालासह, वार, वेळ आणि गाव. तिथी लिहायची असेल तर पुढे 'मराठी' किंवा 'हिंदी' एवढा एक शब्द. 'अमान्त' लिहिता आले तर उत्तमच. घरात कन्नड वाचणारे असतील तर तीच ओळ खाली कन्नडमध्येही उतरवावी. दोन लिप्यांत लिहिलेला आकडा सहसा चुकत नाही.

आणि जुन्या वह्या काढायच्या असतील तर त्या अजून वाचून दाखवणारी माणसे आहेत तोवर काढाव्यात. वार संगणक सांगेल. त्या वर्षी घट बसले होते की नाही, पीक कसे होते, कोण कोणाच्या मांडीवर होते, हे फक्त त्यांनाच ठाऊक असते. पुढच्या रविवारी एखादी दुपार त्यांच्यासाठी राखून ठेवा.